कील, केबल आणि तुटलेला बोल्ट

काम अगदी साधं म्हणून आलं होतं. ट्रेलरवरून नेता येणारी बावीस फुटी शिडाची होडी, तिला वर उचलता येणारी लोखंडी कील. मालकांनी आधीच सांगून ठेवलं, "केबल बदला आणि विंच साफ करा, बाकी काही नको. पिन मी मागेच नवी बसवून घेतलीय, स्टेनलेसची." हे शेवटचं वाक्य ते मोठ्या समाधानाने बोलले. माझ्या मनात मात्र तेच अडकून राहिलं. अशा होडीत मला पहिली काळजी असते ती पिनचीच.

ही रचना ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कील म्हणजे तळाखालचं जड पातं. वारा शिडाला आडवं ढकलतो तेव्हा होडी बाजूला वाहत जाऊ नये आणि कलंडू नये, म्हणून ते असतं. ते कायमचं खाली असेल तर उथळ किनाऱ्यावर होडी ट्रेलरवर चढवणं कठीण. म्हणून लहान होड्यांत कीलचं पुढचं टोक एका आडव्या पिनवर टांगतात आणि मागचं टोक केबलने वर ओढून घेतात. ही केबल ज्या हाताने फिरवायच्या यंत्राच्या ड्रमवर गुंडाळली जाते, ते विंच. कॅटालिना २२ ही या प्रकारातली खूप खपलेली होडी. तिची कील वर असताना साधारण २ फूट पाणी पुरतं, पूर्ण खाली सोडली की ५ फूट लागतं. ओतीव लोखंडाच्या त्या कीलचं वजन जवळपास २५० किलो भरतं. माझ्यासमोरची होडी दुसऱ्या बनावटीची होती, पण मांडणी आणि वजन त्याच अंदाजाचं.

मी तपासणी नेहमी वजनाच्या वाटेने करतो. आधी हँडल, मग विंचचा ब्रेक, ड्रम, केबल, पुली, केबलचं टोक, कीलवरची कडी, आणि शेवटी पिन आणि तिला धरणारे ब्रॅकेट. यातली एक कडी निसटली तरी बाकीच्यांच्या मजबुतीचा काही उपयोग नसतो.

होडी भक्कम टेकूंवर उचलून घेतली. विंचमध्ये ब्रेकच्या चकत्यांपर्यंत ग्रीस पोचलेलं होतं. कुणीतरी मायेने सगळीकडे फासलेलं. दात्यांना आणि बेअरिंगला ग्रीस हवंच, पण हा ब्रेक घर्षणावर चालतो, त्याच्या चकत्या कोरड्याच राहिल्या पाहिजेत. त्या धुऊन पुसून घेतल्या. केबल ७ पेडांची, प्रत्येक पेडात १९ तारा, म्हणजे पुलीवर वळायला मऊ अशी योग्य जातीची होती. मधल्या भागात चकचकीत. पण खालच्या टोकाला जिथे ती तांब्याच्या फेरूलमध्ये, म्हणजे टोक आवळून धरणाऱ्या नळीत, शिरते तिथे तपकिरी डाग होते, आणि हलकेच वाकवल्यावर तीन-चार तारा तुटून उभ्या राहिल्या. स्टेनलेसला गंज लागत नाही असं आपण सर्रास म्हणतो. ते हवा खेळती असते तोवर खरं. खारं पाणी फटीत अडकून राहिलं, प्राणवायू पोचेनासा झाला, की वरचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही आणि धातू आतून खाल्ला जातो. मालकांचा केबलबद्दलचा अंदाज बरोबर होता.

मग मी विचारलं, "नांगरावर थांबता तेव्हा खालून आवाज येतो का?"

"येतो ना. रात्री ठकठक चालू असते. पण शिडं भरली की बंद. म्हणून लक्ष दिलं नाही."

हे उत्तर ऐकलं आणि मी ठरवलं, पिन काढून पाहिल्याशिवाय ही होडी पाण्यात जाऊ द्यायची नाही. शिडावर चालताना पाण्याचा दाब कीलला एका बाजूला टेकवून ठेवतो, ती तिथेच दबून राहते. नांगरावर होडी दोन्हीकडे डुलते आणि सैल कील प्रत्येक हेलकाव्याला इकडून तिकडे आपटते. म्हणजे बरीचशी झीज होडी उभी असतानाच होते. पुष्कळ लोक महिनोन्महिने होडी नांगरावर ठेवतात, तीही कील खाली सोडून, आणि फारसा प्रवास झाला नाही म्हणून निश्चिंत राहतात. मला हे फार खटकतं.

वजनाचा हिशोबही नीट समजून घ्यायला हवा. कील वर, आडवी असते तेव्हा भार पिन आणि केबल यांच्यात वाटला जातो. ती उभी लटकली की केबल जवळजवळ मोकळी होते आणि सगळं वजन एकट्या पिनवर येतं. पाण्यात लोखंड साधारण सातव्या हिश्शाने हलकं होतं, तरी दोनशे किलोंच्या वर भार उरतोच. त्यात कलताना आणि डुलताना बसणारे आडवे झटके वेगळे. सगळ्यांच्या नजरेत असते ती केबल आणि सगळ्यात जास्त सोसते ती न दिसणारी पिन.

कीलखाली लाकडी ठोकळे रचले, विंचने तिला हळूहळू त्यांवर टेकवली आणि केबल ढिली केली. टांगलेल्या कीलखाली हात घालायचा नाही, हा आमच्याकडचा न मोडण्याचा नियम. कीलचं खालचं टोक धरून हलवलं तर ते बोटभर हललं आणि वर तोच ठक आवाज आला. नट काढला, पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायची दांडी, लावून मी ठोकायला लागलो आणि पलीकडून माझा मदतनीस धरून होता. दोन-तीन ठोक्यांनंतर तो म्हणाला, "दादा, हा अर्धाच आला."

त्याच्या हातात बोल्टचं डोकं आणि थोडा दांडा होता. उरलेला भाग अजून आतच.

दोन्ही तुकडे बाकावर शेजारी ठेवले तेव्हा सगळा इतिहास वाचता आला. पिन म्हणून बाजारातला साधा बोल्ट घातलेला होता. त्याचा गुळगुळीत दांडा आखूड, त्यामुळे आटे थेट कीलच्या भोकात आले होते. प्रत्येक हेलकाव्याला ते आटे ओतीव लोखंडावर कानशीसारखे फिरत राहिले. भोक लंबगोल झालं, आटे सपाट झाले, खेळ वाढला, खेळ वाढला तसे झटकेही वाढले. आणि तुटला तो बरोबर पहिल्या आट्याच्या खाचेत. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग काळपट-तपकिरी होता, त्यावर बारीक वक्र रेषा, म्हणजे तडा पुष्कळ काळ थोडा थोडा सरकत आला होता. ताजी, चकाकणारी जागा फक्त एका कडेला, चंद्रकोरीएवढी. इतक्याशा धातूवर ती होडी तिथवर आली होती. माझ्या ठोक्यांनी तेवढंच तोडलं.

मालकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ तुकडा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "स्टेनलेस आहे म्हणून मी पुन्हा पाहिलंच नाही." त्यांना दोष देणं मला योग्य वाटलं नाही. ज्याने बोल्ट निवडला त्याने दांड्याची लांबी मोजायला हवी होती. जिथे धातू धातूवर फिरतो तिथे आटा येता कामा नये, हे फिटिंगच्या कामातलं मूळाक्षर आहे.

त्या दिवशी होडी पाण्यात गेली नाही. कील पूर्ण उतरवली. भोक बोअर करून गोल केलं आणि त्यात ब्राँझचा बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, दाबून बसवला. नवी पिन लेथवर करून घेतली, पूर्ण लांबीला गुळगुळीत. कीलच्या दोन्ही बाजूंना वॉशर घालून बाजूचा खेळ कमी केला, पण थोडी मोकळीक ठेवली. घट्ट आवळलं तर शेवाळ आणि वाळू साचल्यावर कील अडकून बसते. ब्रॅकेटचे बोल्टही एकेक काढून पाहिले, ते ठीक होते. लोखंड उघडं पडलेल्या ठिकाणी गंज पार खरवडून इपॉक्सी प्रायमरचे थर दिले. त्याशिवाय होडीच्या तळाला लावतात तो तांबंयुक्त रंग थेट लोखंडावर लावला तर खाऱ्या पाण्यात लोखंडच आधी जातं. केबल नवी घातली, कील पूर्ण खाली असतानाही ड्रमवर काही वेढे उरतील एवढ्या लांबीची, आणि टोकाला पुन्हा तांब्याचंच फेरूल. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसशेजारी ॲल्युमिनियमचं फेरूल टिकत नाही.

होडी नेताना मालकांना तीन गोष्टी सांगितल्या. रस्त्यावरून नेताना कील ट्रेलरच्या आडव्या फळीवर टेकवा, खड्ड्यांचे झटके केबलने सोसायचे नाहीत. नांगरावर कील वर घ्या. आणि हंगाम सुरू होण्याआधी दरवेळी ती ठोकळ्यांवर टेकवून टोक हाताने हलवून बघा, पिन काढून व्हर्नियरने तिची जाडी मोजा. पिनचा आणि बुशचा व्यास, तारखेसह, मी त्यांच्या होडीच्या वहीत लिहून दिला आहे, म्हणजे पुढच्या वेळी झीज किती झाली ते वजाबाकी करून कळेल.