पासष्टचा दोरा

नाल्याला पूर म्हणून बस आली नाही, बस नाही म्हणून शाळा नाही, अशी ती सुट्टी. दुपारी वीजही गेली. बाहेर झिमझिम लागलेली. आई पिंपातलं फल्लीचं तेल बाटलीत ओतत होती आणि मी उगाच उंबऱ्यावर बसून बघत होते. बघता बघता ते नरसाळं ओळखीचं वाटायला लागलं. कापलेल्या कडेला निळी चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं लिहिलेलं अर्धवट पुसलेलं काहीतरी. वाकून वाचलं. 'वर्ग 9 वा'. अक्षर माझंच.

"हे कुठून आणलं?"

"आबाजीनं देल्लं," आई म्हणाली आणि बाटलीला बूच लावलं. आबाजी म्हणजे माझे आजोबा.

गेल्या वर्षीच्या जलसुरक्षा विषयाच्या प्रकल्पातल्या शिशीचा तो वरचा अर्धा भाग होता. श्रेणी मिळाली होती 'ब'.

प्रकल्प हा शब्द आम्ही फक्त वहीच्या पहिल्या पानावर लिहितो. बोलताना प्रोजेक्ट. आई त्याला 'तुहं ते परजेट' म्हणते आणि ते निघालं की घरातल्या जुन्या कॅलेंडरांवर, पुठ्ठ्यांवर आणि डिंकावर लक्ष ठेवते. आमच्याकडे शाळा उघडतात उन्हामुळे जून संपता संपता. तोवर पऱ्हाटी जमिनीतून वर आलेली असते. आणि आठवडाभरात प्रोजेक्टच्या याद्या येतात, प्रत्येक विषयाची वेगळी.

त्यावर इलाज तालुक्याच्या दुकानात आहे. तिथं नववीचा संच, दहावीचा संच असं थेट मागायचं. लिहिलेलं सगळं तयार, फक्त नाव घालायची जागा मोकळी. सोबत चित्रांचे छापील कागद: एकावर बारा समाजसुधारक, एकावर पचनसंस्था. कापा आणि चिकटवा. एकदा आमच्या वर्गात अकरा जणांच्या वहीत प्रस्तावनेतली एकच चूक सापडली होती. सरांनी अकरा जणांना एकच शेरा दिला. छान.

माझं वैर आहे ते थर्माकोलशी. कापताना जो आवाज येतो, त्यानं माझे दात आंबतात. शिवाय त्याचे ते पांढरे दाणे केसांना चिकटतात, वरणात सापडतात. आमच्या वर्गात 'पर्यावरण वाचवा' नावाचं एक अख्खं गाव थर्माकोलचं होतं, झाडंसुद्धा. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर राज्यात 2018 मध्येच बंदी आली, हे त्याच प्रोजेक्टच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. पण ते गाव मुलींसाठीच्या मानव विकासच्या बसमध्ये मांडीवर धरून नेताना आम्ही चौघी मुली दीड तास जीव मुठीत घेऊन बसलो होतो, हेही खरं. वाटेत एक देऊळ पडलं. वाहकानं ते डिंकानं चिकटवून दिलं.

एकच प्रोजेक्ट असा झाला की ज्यात मला काहीतरी कळलं, आणि तेही शाळेत नाही. आठवीत विद्युतचुंबक करायचा होता. तीन इंची खिळा, तांब्याची तार, दोन सेल. तार मोटारी वाइंडिंग करणाऱ्या काकांकडून आणली होती, चकचकीत लालसर. रात्री बसून शंभर वेढे मोजून घातले. सेल लावले. टाचणी हलेना. आबाजींच्या बॅटरीतले सेल काढून लावले, तरी नाही. खिळा बदलला, तरी नाही. मग रडू आलं ते वेगळंच. सकाळी बसच्या आधी दुकानात गेले. काकांनी तारेचं टोक नुसतं बघितलं, ब्लेड घेतलं आणि दोन्ही टोकं इंचभर खरडली. लालसर रंग गेला, आतून गुलाबी तांबं निघालं.

"वार्निश कोन काढीन? तुहा मास्तर?"

सेल टेकवले आणि टाचण्यांचा झुपका खिळ्याला उडी मारून बसला. सेल काढले, सगळा झुपका खाली. मी पाचसहा वेळा तेच करत राहिले, बस हॉर्न वाजवत होती. आता गंमत अशी की तारेवर विद्युतरोधक आवरण असतं, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते आवरण म्हणजे हे वार्निश, आणि ते माझ्या हातातल्या तारेवर आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

तर ते नरसाळं. नववीत पर्जन्यमापक करायला सांगितला. दोन लिटरची शिशी वरून कापायची, वरचा भाग उलटा करून आत बसवायचा, पेरणीच्या सरत्याच्या चाड्यासारखा. बुडाला खोलगट वळ्या असतात, तिथं पाणी मोजता येत नाही, म्हणून आधी गिट्टीचे बारीक खडे आणि थोडं पाणी घालून सपाटी आणायची. त्या सपाटीला कंपासपेटीतली पट्टी चिकटवायची, शून्य बरोबर तिथं. अंगणात ठेवली तर शेळीनं पाडली. मग आबाजींनी कुंपणाच्या सिमेंटच्या खांबाला तारेनं आवळून दिली. झाडाखाली नको, भिंतीजवळ नको, हे मी सांगितलं. आवळायचं कसं ते त्यांनी ठरवलं.

रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठला बदलतो. आबाजी त्याआधीच खांबाजवळ उभे. "किती झाला व बाई?" मी सांगायची बारा मिलिमीटर. ते म्हणायचे, म्हणजे इतभर ओल नाही. त्यांचं माप वेगळं होतं आणि मला वाटतं बरोबरही होतं. मिलिमीटर म्हणजे काय ते मी समजावलं: एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. त्यांना हे आवडलं. ते स्वतः शाळेत सूत कातायची तकली चालवून मोजणी शिकलेले. सेवाग्रामच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं की 1937 मध्ये वर्ध्यात परिषद भरली आणि गांधीजींनी हातानं काम करत शिकायची कल्पना मांडली. आबाजींना परिषद वगैरे ठाऊक नाही. चार फुटांची एक तार आणि 640 तारांची एक गुंडी, हे मात्र झोपेतून उठवलं तरी सांगतात. "मास्तर सूत तोलून घे. कमी भरलं का छडी."

अतिवृष्टी कशाला म्हणतात तेही मीच सांगितलं. चोवीस तासांत महसूल मंडळात 65 मिलिमीटर. त्यांना पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून संध्याकाळी त्यांनी पोळ्यासाठी ठेवलेल्या काळ्या दोऱ्यातला एक तुकडा तोडला आणि शिशीला बरोबर पासष्टवर बांधला. आता लांबूनही कळायचं.

जुलैच्या शेवटी एका सकाळी पाणी दोऱ्याच्या वर होतं. 71. मी दोनदा वाचलं. वहीत लिहिलं, आणि हौसेनं हिशोब केला: एका एकरावर 2 लाख 87 हजार लिटर. खालच्या वावरातली तूर दोन दिवस पाण्यात उभी राहिली, मग पिवळी पडली, मग तिनं माना टाकल्या. मंडळाच्या यंत्रात आकडा निघाला 58, म्हणजे अतिवृष्टी नाही, भरपाई नाही. ते यंत्र आमच्या गावापासून लांब, दुसऱ्या गावी. पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं, हे आबाजीच नेहमी म्हणतात. पण त्या दिवशी नाही म्हणाले. शिशी दुपट्ट्यात गुंडाळून दाखवायला नेतो म्हणाले. मी म्हटलं, आबाजी, ती चालत नाही. सरकारी यंत्राचंच धरतात.

"मंग तुह्या सरानं कायले मोजाले लावलं?"

मला उत्तर आलं नाही. सरांना विचारायचं होतं, तेही राहिलं. ऑगस्टमध्ये वही तपासून आली. तक्त्याखाली लाल पेनानं लिहिलं होतं, 'सजावट हवी.'

सप्टेंबरनंतर मी त्या खांबाकडे गेलेच नाही. दहावी आहे, यादी नवी आहे, यंदा कुणाला तरी सौरचूल करायची आहे.

आईनं नरसाळं धुवून खिडकीत उपडं ठेवलं. मी डोक्यावर पोतं घेऊन कुंपणापर्यंत गेले. खांबाला तार तशीच आवळलेली, शिशी पिवळट पडलेली, आणि तिच्यात पाणी. वर्षभराचं साचलेलं नाही, स्वच्छ, आजचंच. खाली मातीत रोज ओतून ओतून छोटा खळगा झाला होता.

आबाजी ओसरीवरून ओरडले, "नरसाळं तुह्या मायनं मांगितलं तं देऊन टाकलं. पाऊस त्याच्याबिगर बी पडते."

मी पाणी बघितलं. दोऱ्याच्या दोन बोटं खाली होतं.