फॅरेडेची मेणबत्ती आणि नारळीकरांचं पोस्टकार्ड

लंडनच्या मेफेअर भागात आल्बेमार्ल स्ट्रीटवर २१ नंबरची, उंच खांबांची इमारत आहे. ही रॉयल इन्स्टिट्यूशन, १७९९ साली स्थापन झालेली. इथे १८२५ पासून नाताळात मुलांसाठी विज्ञानाची व्याख्यानं होतात. खंड पडला तो फक्त दुसऱ्या महायुद्धात. गेल्या सुट्टीत लेकीला घेऊन तिथे गेले होते.

सभागृह विहिरीसारखं आहे. अर्धवर्तुळात चढत गेलेली बाकं, तळाशी एक टेबल. अगदी वरच्या मुलालाही टेबलावरची मेणबत्ती दिसावी, अशी रचना. त्या टेबलामागे उभं राहून वीज आणि चुंबकत्वावरच्या शोधांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मायकेल फॅरेडेनं मुलांना १९ व्याख्यानमाला दिल्या. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा. १८१२ साली वरच्या गॅलरीत बसून त्यानं रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, स्वतः बांधून त्यांनाच पाठवली आणि पुढच्या वर्षी इथेच नोकरीला लागला. वर बसलेल्याला काय कळत नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. त्याच्या भाषेतला सोपेपणा तिथूनच आला असावा, असं मला वाटतं.

त्याची गाजलेली व्याख्यानमाला एका मेणबत्तीवर होती. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरायची. आतली मेणाची वाफ नळीतून बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाला पेटवता येते. म्हणजे जळते ती वाफ! मग ज्योतीवर थंडगार भांडं धरायचं, त्यावर पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी. असं करत करत शेवटी तो आपल्या श्वासापर्यंत येतो: आपल्या शरीरातही असंच संथ ज्वलन चालू असतं. लोडशेडिंगच्या काळात मेणबत्तीपुढे बसून किती अभ्यास केला मी, पण मेणबत्तीकडे कोणी बघायला सांगितलं नव्हतं.

बाहेर पडताना मला जयंत नारळीकर आठवले. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर काम केलेला हा माणूस १९७२ साली भारतात परतला, पुढे पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि विश्वाच्या गोष्टी मराठीत लिहीत राहिला. मुलं सही मागायची, तेव्हा ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. सहीच्या बदल्यात प्रश्न! मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मला सगळ्यात आधी ती पोस्टकार्डंच आठवली होती.

घरी आल्यावर आम्ही मेणबत्ती पेटवून फुंकली आणि वर चढणाऱ्या धुराला काडी लावली. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर आली. लेकीनं ते सात वेळा करायला लावलं. मग मेणबत्ती जरा आडवी धरून तिनं विचारलं, “आई, ही वाकडी झाली तरी ज्योत वरच का जाते?”

उत्तर ओठांवर आलं होतं. तिच्यासमोर कागद-पेन्सिल ठेवली आणि म्हटलं, आधी तुला काय वाटतं ते लिही.