आमची वाटचाल : कपाटांपासून रुळांपर्यंत

आमचा मूळ धंदा फर्निचरचा. पुण्यात नऱ्ह्याला छोटा कारखाना आहे, तिथे मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब तयार होतात. कारखाना यजमान बघतात, धाकटे दीर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेले म्हणून वायरिंगचं सगळं त्यांच्याकडे आणि ड्रॉइंग माझ्याकडे. गेली काही वर्षं मात्र आमच्या कामाचा मोठा वाटा वेगळाच आहे: लोकांच्या घरातल्या मोकळ्या खोलीत मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळ्यांवर रूळ, स्टेशनं, डोंगर मांडलेली छोटी रेल्वे, आखून, बांधून, चालता करून देणं. अशा कामावर फर्म चालते का, हे नातेवाइकांपासून बँकेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. चालते. मात्र ती लाकडापेक्षा आखणीवर जास्त चालते, आणि हे आम्हाला जसजसं उमगत गेलं तसतसं आमचं काम बदलत गेलं.

पहिलं काम कोथरूडच्या एका निवृत्त इंजिनिअर काकांचं. त्यांचं स्वयंपाकघर आम्हीच केलेलं. ते मनासारखं झालं म्हणून त्यांनी विचारलं, "मुलीची खोली आता मोकळीच असते, भिंतींच्या कडेने फळ्या मारून द्याल का? लेव्हल मात्र चोख हवी." आमच्या सुतारमामांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मग काकांनी मालगाडीचा एक डबा मामांच्या तळहातावर उलटा ठेवला आणि चाक दाखवलं. गाडीला रुळावर धरून ठेवणारी चाकाची ती कड एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान मॉडेलमध्ये, पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. दोन फळ्यांच्या जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली, तर गाडी घसरलीच म्हणून समजा. कपाटाच्या दारात असा फरक आला तर बिजागरीचा स्क्रू फिरवून भागतं. इथे ती सोय नाही. मामांनी लगेच पाणी भरलेली लेव्हल ट्यूब मागवली आणि चारही भिंतींवर खुणा करून घेतल्या. आजही प्रत्येक खोलीत पहिलं काम तेच होतं.

पुण्यात या छंदाला जमीन तयार होती, हे सांगायलाच हवं. भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय कोथरूडला १९९८ पासून आहे. शाळेच्या सहलीत तिथे काचेला नाक लावून उभी राहिलेली मुलं आता चाळिशीकडे आली आहेत, त्यांच्या हाताशी थोडा पैसा आहे आणि घरात एखादी खोली आहे. आमच्याकडे येणारे बरेच जण त्यांतलेच.

येताना बहुतेकांनी कागदावर काहीतरी रेखाटून आणलेलं असतं. त्यात मावतील तेवढे रूळ, तीन-चार बोगदे आणि जमलं तर एक टर्नटेबल, म्हणजे इंजिन फिरवायची गोल चकती. मी तो कागद बाजूला ठेवते आणि विचारते, "तुमची गाडी कुठून येते, कुठे जाते आणि मध्ये काय करते?" याचं उत्तर मिळेपर्यंत मी पेन्सिल हातात घेत नाही. गोल फिरणारी गाडी पहिल्या आठवड्यात सगळं घर बघतं, दुसऱ्या आठवड्यात पाहुण्यांना दाखवतं, आणि महिन्याभराने तिच्यावर धूळ बसायला लागते. याउलट ज्या लेआउटवर गाडीला काम आहे, म्हणजे फलाटावर थांबायचंय, लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, जाऊन मेलला वाट द्यायची आहे, सायडिंगमध्ये, म्हणजे डबे उभे करायच्या फाट्यावर, रिकामे डबे सोडून भरलेले उचलायचे आहेत, तो लेआउट वर्षानुवर्षं चालतो. म्हणून आमच्याकडे आधी छोटं वेळापत्रक तयार होतं आणि रूळ त्यानंतर येतात.

सर्वांत जास्त मागणी अर्थातच डेक्कन क्वीनची. पुणेकर माणूस दुसरं काय मागणार! इथे हिशेब मांडून दाखवावा लागतो. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आजचा एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचा, डबा जवळपास २४ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे २७६ मिलिमीटर. सोळा डबे आणि पुढे इंजिन धरलं तर गाडी साडेचार मीटरच्या पुढे जाते. आपल्याकडची नेहमीची बेडरूम दहा बाय अकरा फुटांची, म्हणजे तिची लांब भिंतसुद्धा साडेतीन मीटरच्या आतच. गाडी खोलीपेक्षा मोठी! त्यात वळणाचा प्रश्न. एवढे लांब डबे वळणावर नीट दिसायला हवे असतील तर त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान अडीच पट लागते, म्हणजे सातशे मिलिमीटरच्या आसपास. खेळण्याच्या सेटबरोबर येणारे ३६० मिलिमीटर त्रिज्येचे तुकडे लावले तर हे डबे कोपऱ्यात दातांसारखे बाहेर येतात.

यावर माझा एक आवडता तोडगा आहे. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिला सातच डबे होते. सात डब्यांची गाडी मॉडेलमध्ये इंजिन धरून दोन मीटरच्या आसपास बसते. तिला पुरेल असा फलाट दहा फुटी भिंतीवर ऐसपैस मावतो, वर सांधे, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळवायच्या जागा, आणि लूपसाठी जागा उरते. गाडी तीच, फक्त साल बदललं. ही सूचना ऐकली की गिऱ्हाइकाचा चेहरा आधी पडतो आणि मग खुलतो, कारण साल ठरलं की पुढचं सगळं आपोआप ठरायला लागतं: इंजिन कोणतं, सिग्नल कसे, फलाटावर कंदील की ट्यूबलाइट. ज्यांना आजचीच गाडी हवी असते त्यांना मी १:१६० चा एन स्केल सुचवते. त्यात हीच सोळा डब्यांची गाडी अडीच मीटरच्या थोडी पुढे जाते आणि वळणंही घट्ट चालतात.

दुसरी मोठी मागणी घाटाची. कर्जत ते लोणावळा हे अंतर साधारण २८ किलोमीटर. ८७ ने भागलं तर तीनशेवीस मीटर रूळ लागतील. चढ साडेपाचशे मीटरच्या घरातला, म्हणजे मॉडेलमध्ये सहा मीटरहून जास्त उंची. तेव्हा पूर्ण घाट कोणाच्याच घरात येत नाही, त्यातलं काय ठेवायचं ते निवडायचं असतं. दगडी कमानींचा एक पूल, दोन बोगदे, एक कॅच सायडिंग (उतारावर सुटलेली गाडी अडवायचा फाटा) आणि कर्जतचे बँकर (मागून ढकलणारी इंजिनं) एवढं असलं तरी बघणाऱ्याला १८६३ पासून वाहता असलेला बोरघाट लगेच ओळखू येतो. बँकर तर मी कोणालाच सोडू देत नाही. कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं लागतात, ढकलत वर नेतात, लोणावळ्याला सुटतात आणि परत खाली येतात. एका छोट्या खोलीत करायला इतकं काम देणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

चढाबद्दल मात्र आम्ही हट्टी आहोत. खऱ्या घाटाचा चढ १ मध्ये ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर पुलाची जाडी धरून ऐंशी मिलिमीटर तरी उचलावं लागतं, आणि १ मध्ये ३७ ने तेवढं चढायला जवळजवळ तीन मीटर लागतात. अख्खी एक भिंत त्यात जाते. "थोडं उभं करा, १ मध्ये २० करा," असं प्रत्येक जण म्हणतो. तसा चढ बांधता येतो, पण चार-पाच डबे लावले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात, त्यातून चढावर वळण असलं तर विचारूच नका. म्हणून आमचा चढ तोच, १ मध्ये ३७, आणि हे कळल्यावर गिऱ्हाईक स्वतःच ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायला लागतं.

एक काम मी कोणाकडे सोपवत नाही, ते म्हणजे खडी. रुळाखालची खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते. ८७ ने भागलं की पाऊण मिलिमीटर. बाहेरून येणारी तयार पाकिटं महाग असतात आणि त्यांचा राखाडी रंग आपल्या काळ्या दगडाचा नसतो. आम्ही खाणीवरची कच आणतो, एकाखाली एक चाळण्या लावून चाळतो, धुऊन गच्चीत वाळवतो. त्यानंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून फिरवायचं. पहिल्यांदा बघणारा दचकतोच: पिशवीवर काळ्या केसांसारखे कण उभे राहतात. सह्याद्रीच्या पाषाणात लोहाचं खनिज असतं ते हे. हे कण तसेच राहिले तर धावत्या इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक त्यांना ओढून घेतं, मग गिअरमध्ये करकर सुरू होते. चुंबकाला काही लागेनासं होईपर्यंत मी ते फिरवत राहते. मग खडी कोरडीच पसरून ब्रशने सारखी करायची, त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेलं पाणी फवारायचं आणि पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडायचा. पाण्यातल्या साबणामुळे फेविकॉल वर थेंब धरून न बसता आत उतरतो. सांध्याच्या हलत्या पट्ट्यांजवळ मात्र खडी नावालाच.

डोंगरासाठी जाळी आणि तिच्यावर हाडं मोडल्यावर घालतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या. त्या मेडिकल सप्लायच्या दुकानात मिळतात.

वायरिंग दिरांचं. आता बहुतेक लेआउट डीसीसीवर (डिजिटल कमांड कंट्रोल) चालतात: रुळांत वीज कायम खेळती आणि प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला, म्हणजे हुकूम ओळखणाऱ्या छोट्या सर्किटला, स्वतःचा नंबर, त्यामुळे एकाच रुळावर बँकर आणि पुढचं इंजिन वेगवेगळं हाकता येतं. "दोन वायरींत काम होतं" असं डीसीसीबद्दल सांगितलं जातं, ते आम्ही मानत नाही. फळ्यांखालून घराच्या वायरिंगला वापरतात तशी जाड तार फिरते आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून स्वतःचं सोल्डर केलेलं कनेक्शन जातं. काम संपलं की दीर पाच रुपयांचं नाणं घेऊन हातभर-हातभर अंतरावर ते दोन्ही रुळांवर आडवं ठेवत जातात. प्रत्येक ठिकाणी बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारं यंत्र, लगेच ट्रिप व्हायला हवा. जिथे होत नाही तिथे तार अपुरी आहे; तिथे एखादा डबा घसरून शॉर्ट झाला तर वीज तुटणार नाही आणि चाकं तापून प्लॅस्टिक वितळेल. सगळीकडे नाणं पास झाल्याशिवाय आम्ही लेआउट ताब्यात देत नाही.

आता खोलीबद्दल. मराठी घरात मोकळी खोली म्हणून काही नसते. तिथे गाद्या असतात, कपडे वाळत घालायचा स्टँड असतो, गणपतीत येणारी नणंद असते. म्हणून ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी आम्ही खोलीच्या फरशीवर मास्किंग टेपने लेआउटची कड आखतो आणि दोन-तीन दिवस ती तशीच ठेवायला सांगतो. घरातल्या सगळ्यांनी त्या पट्ट्यांच्या आतून वावरायचं. एका घरी सगळं ठरलं होतं. टेप लावली आणि काकू बादली घेऊन बाल्कनीकडे निघाल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "अगं, इथून मी रोज ओले कपडे घेऊन जाते. तुझं स्टेशन माझ्या कोपराला लागणार." स्टेशन समोरच्या भिंतीवर गेलं आणि दारासमोर उचलून ठेवता येणारा पूल आला. खिडकीची कडी, एसीची सर्व्हिसिंग, कपाटाचं दार, हे सगळं याच टेपवर कळतं. हात अडीच फुटांपलीकडे पोचत नाही, तेव्हा त्याहून रुंद फळी नाही. खाली गाद्यांचे ड्रॉवर आम्हीच करून देतो. शेवटी मूळचे फर्निचरवाले आम्ही. छंद एका माणसाचा असला तरी खोली सगळ्या घराची असते, आणि घराने मनापासून हो म्हटलेला लेआउटच टिकतो.

धंद्याला खरं वळण मिळालं ते २०२० मध्ये. लोक घरात अडकले, आमचं फर्निचरचं काम थांबलं आणि रेल्वेबद्दल फोन वाढले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क वीसवरून साठ टक्क्यांवर गेलं होतं, २०२३ मध्ये ते सत्तर झालं. स्केल मॉडेलं त्याच सदरात मोडतात. आयात करून विकायचा विचार आम्ही तिथेच सोडला. इंजिनं-डबे गिऱ्हाइकाने आणायचे आणि आम्ही आखणी, बांधणी, वायरिंग व देखावा करायचा, अशी वाटणी ठरली. आमच्यासारख्या छोट्या फर्मला ती मानवली, कारण माल अडकून पडत नाही.

तेव्हाच आखणीची फी वेगळी घ्यायला सुरुवात केली. फुकट ड्रॉइंगची सवय असलेल्या धंद्यात हे अवघड होतं. पण वेळापत्रक, रुळांचा आराखडा, चढाचे आकडे, वायरिंगचा नकाशा आणि टेपची आखणी एवढं हातात पडल्यावर काही जण बांधणी स्वतःच करतात, आणि मला त्याचा आनंद वाटतो. न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाने तर तळघरातला कर्जत-लोणावळा आमच्या ड्रॉइंगवरून बांधला.

सध्या काम चालू आहे ते कुर्डुवाडीचं. मूळच्या बार्शीच्या एका डॉक्टरांना १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे हवी आहे. तिचा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर, ८७ ने भागला की पावणेनऊच्या आसपास. एन स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ त्यावर जवळजवळ तंतोतंत बसतो. वळणं छोटी, गाड्या छोट्या, दहा बाय अकराच्या खोलीला याहून योग्य विषय नाही. कुर्डुवाडीला एका बाजूला मोठी लाइन आणि दुसऱ्या बाजूला छोटी, मध्ये माल इकडून तिकडे चढवायचा फलाट, त्यामुळे गाड्यांना दिवसभर पुरेल एवढं काम आहे. डॉक्टरांच्या आई टेपच्या आत वावरून झाल्या, त्यांनी एक कोपरा देवघरासाठी मागून घेतला. फळ्या कापून तयार आहेत. दिवाळीला त्या खोलीत पाहुणे उतरणार, म्हणून जोडणी तुळशीच्या लग्नानंतर सुरू करू.