शब्दवही, अपडेट 7: घोडं अडलं होतं ते सोडून दिलेल्या आश्वासनांपाशी

शब्दवही म्हणजे कंपन्यांच्या एमडींनी (व्यवस्थापकीय संचालकांनी) दिलेले शब्द पाळले जातात का, ते मार्क देऊन तपासणारी माझी वही. तीन महिने काही लिहिलं नाही, कारण हाती काही लागतच नव्हतं. परवा रात्री लागलं, आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

कास्टिंगवाली, म्हणजे धातूचे ओतीव भाग बनवणारी कंपनी, आठवत असेलच. नाव अजून सांगत नाही. होल्डिंग अजून तेवढंच, 50 शेअर. मोठी खरेदी करायची की नाही ते एमडींना किती मार्क मिळतात यावर ठरायचं होतं. 14 कॉनकॉल (दर तिमाहीला कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते ते) ऐकून झाले आणि शब्दवहीत 41 आश्वासनं उतरली: कोणत्या तारखेला बोलले, नेमके शब्द काय होते, कोणत्या तिमाहीचा वायदा होता. पाळलं की हिरवं, चुकलं की लाल. निकाल असा: 27 हिरवी, 8 लाल आणि 6 कोरी.

या सहा कोऱ्या ओळींनीच तीन महिने खाल्ले. ही आश्वासनं पाळली गेली नाहीत आणि मोडलीही नाहीत. त्यांच्याबद्दल बोलणंच बंद झालं. उदाहरणार्थ, निर्यातीचा वाटा दोन वर्षांत 30% करू, असं सलग चार कॉलमध्ये सांगितलं होतं. पाचव्या तिमाहीत प्रेझेंटेशनमधली ती स्लाइडच गायब. क्षमतेचा आकडा आधी टनांत यायचा, मग अचानक 'महसुलाची क्षमता' म्हणून कोटींत यायला लागला. आता जुन्या आकड्याशी ताडायचं कसं?

कोऱ्या ओळी सोडून दिल्या तर 35 पैकी 27, म्हणजे 77%. लाल धरल्या तर 41 पैकी 27, म्हणजे 66%. माझी रेघ 70 वर. अर्धे मार्क देऊन पाहिले, जुन्या आश्वासनांचं वजन कमी करून पाहिलं. प्रत्येक वेळी एमडी पास की नापास हे त्यांच्या वागण्यावरून नाही, तर मी कोणता फॉर्म्युला घातला त्यावरून ठरत होतं. असल्या मार्कांवर पैसे लावायचे नाहीत, एवढं नक्की होतं.

परवा पाइपवालीचा, म्हणजे वहीतल्या दुसऱ्या कंपनीचा, कॉल ऐकत होते. तिचे मार्क कास्टिंगवालीपेक्षा वाईट, जेमतेम 58%. पण तिचे एमडी सुरुवातीच्या निवेदनातच म्हणाले, 'मागच्या वेळी मार्चचं सांगितलं होतं, ते जमलं नाही, चूक आमच्या अंदाजात होती.' कुणी विचारलेलं नसताना! तिथेच कॉल थांबवला आणि वहीत नवा रकाना घातला: 'विषय कोणी काढला?'

मग कास्टिंगवालीच्या आठ लाल आणि सहा कोऱ्या, अशा चौदाही ओळी पुन्हा तपासल्या. एमडींनी आपणहून विषय काढला तो दोनदा. विश्लेषकाने विचारलं म्हणून बोलले, सात वेळा. पाच आश्वासनांचा विषय कुणी काढलाच नाही. पाइपवालीची चुकलेली आश्वासनं 11, त्यातल्या नऊ वेळा कबुली आपणहून आली. क्रम थेट उलटला. शब्द चुकणं धंद्यात होतंच. भट्टी, पाऊस, गिऱ्हाईक, काहीही आडवं येतं. चुकलेला शब्द स्वतःच्या तोंडाने सांगायचा की नाही, ते मात्र पूर्ण त्या माणसाच्या हातात असतं. मला मोजायचं होतं ते हेच, आणि मी सहा अपडेट भलतंच मोजत बसले होते.

हे ट्रान्सक्रिप्टवर करू नका, रेकॉर्डिंग ऐका. आता लिस्टिंगच्या नियमांनुसार रेकॉर्डिंग पुढच्या ट्रेडिंग दिवसाआधी किंवा 24 तासांत, जे आधी असेल तेव्हा, टाकावं लागतं. ट्रान्सक्रिप्टला कामकाजाचे पाच दिवस मिळतात, आणि तेवढ्यात ते बरंच घासूनपुसून येतं. कास्टिंगवालीच्या नव्या मोल्डिंग लाइनच्या (वाळूचे साचे बनवणाऱ्या यंत्रांच्या) प्रश्नानंतर रेकॉर्डिंगमध्ये नऊ सेकंद शांतता आहे, मागे कुणीतरी कागद चाळतंय, आणि मग उत्तर एमडींऐवजी सीएफओ (वित्तप्रमुख) देतात. छापील पानावर प्रश्नाखाली लगेच उत्तर. कॉलचा आयता सारांश देणारं एक अ‍ॅप दोन महिने पैसे भरून वापरलं, बंद केलं. सारांशात आश्वासन उरतं, त्याच्या आधीचं 'बहुतेक' गळतं.

मोल्डिंग लाइनचं लिहायलाच हवं. ही ओळ मी हिरवी केली होती, कारण मार्च तिमाहीच्या प्रेझेंटेशनमध्ये 'लाइन कार्यान्वित' असा फोटो होता. बाबांनी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये तीस वर्षं काढली. त्यांना सहज फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, 'अगं, वाळू कुठं आहे यात? लाइन चालू असली की काळी वाळू सगळीकडं दिसते. ही फरशी बघ, रंग वाळलाय नुसता.'

म्हणून वार्षिक अहवालातलं सीडब्ल्यूआयपीच्या (अजून पूर्ण न झालेल्या प्रकल्पांवर अडकलेल्या रकमेच्या) वयाचं कोष्टक उघडलं. 2021-22 पासून हे प्रत्येक कंपनीला द्यावं लागतं आणि माझ्या मते सगळ्या अहवालात यासारखं उपयोगी पान नाही. 31 मार्चला लाइनची जवळजवळ सगळी रक्कम अजून तिथेच, 'दोन ते तीन वर्षं' या रकान्यात. लाइन खरंच सुरू झाली असती तर ती रक्कम स्थिर मालमत्तेत जाऊन घसारा सुरू झाला असता. वीज आणि इंधनाचा खर्चही मागच्या वर्षाएवढाच. हिरव्याचं लाल केलं. संताप आला तो त्याच्या खालच्या कोष्टकाने: मूळ योजनेपेक्षा उशीर झालेले प्रकल्प, निरंक. कॉलमध्ये तारीख तीनदा पुढे ढकलली आणि इथे उशीरच नाही! नियमात शब्द 'मूळ योजना' असा आहे. संचालक मंडळाने मधल्या काळात योजनाच बदलून तिलाच मूळ म्हटलं असेल, तर ते सांगायला हवं होतं.

बाकीचं थोडक्यात. पुरस्कारांचा रकाना उडवला. सत्यम या आयटी कंपनीला 2008 मध्ये सुशासनाचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता आणि 7 जानेवारी 2009 च्या पत्रात 5,040 कोटींची रोकड अस्तित्वातच नसल्याचं तिचे अध्यक्ष राजूंनी कबूल केलं. त्याच पत्रात 376 कोटींचं येणं व्याजही खोटं निघालं. म्हणून 'रोकड भागिले व्याज' या आपल्या जुन्या चाचणीत (दाखवलेल्या रोकडीच्या मानाने व्याज पटण्यासारखं आहे का) बदल: व्याज नफा-तोट्यातून न घेता रोकड प्रवाहातून घ्यायचं, प्रत्यक्ष मिळालेलं.

एजीएमच्या (वार्षिक सर्वसाधारण सभेच्या) मतदानाचा रकाना मात्र झकास चालतोय. प्रवर्तकांची मतं बाजूला काढून फक्त संस्थांची विरोधी मतं बघायची. ऑगस्ट 2021 मध्ये आयशर मोटर्सच्या एमडींच्या फेरनियुक्तीचा विशेष ठराव वेतनाच्या मुद्द्यावरून 75 टक्क्यांना पोहोचला नाही आणि मंडळाला वेतनाची मर्यादा खाली आणून पुन्हा यावं लागलं. भागधारकांचं 'नाही' आकड्यात दिसतं अशी ही एकच जागा आहे.

पुढच्या महिन्यात तिसरी कंपनी, ती रंगवाली, घेणार होते. पण हे लिहिताना सुचलं: ज्या विश्लेषकांनी ते सात अवघड प्रश्न विचारले, ते पुढच्या कॉलना रांगेत दिसतात का? आत्ताच दोन ट्रान्सक्रिप्ट चाळली. निर्यातीबद्दल खोदून विचारणारा जो फंडवाला होता, तो त्यानंतरच्या एकाही कॉलमध्ये नाही. त्याने शेअर विकून टाकले असतील, किंवा त्याला बोलायची पाळीच मिळाली नसेल. एका नावावरून काही ठरत नाही. म्हणून रंगवाली लांबणीवर, आधी चौदाही कॉलच्या प्रश्नकर्त्यांची यादी करते. कुणी पाइपवालीची केली तर फार बरं होईल, तुलनेला लागेल.

कास्टिंगवालीत एक रुपयाही वाढवत नाही, पण 50 शेअर ठेवतेय, एजीएममध्ये बोलायला. वक्ता म्हणून नोंदणी शुक्रवारी बंद होते आणि मिळणार दोन मिनिटं. वाळूचा फोटो, वीजखर्च, गायब स्लाइड, सगळं गाळून प्रश्न एवढाच ठेवलाय: 'सीडब्ल्यूआयपीच्या उशिराच्या कोष्टकात मोल्डिंग लाइन नाही. मंडळाने तिची मूळ योजना कोणत्या तारखेला मंजूर केली, आणि त्यात पूर्ण होण्याची तारीख कोणती होती?'