बेलोरा ते मुंबई: बाबांना घेऊन केलेला विमानप्रवास

परळला टाटा कॅन्सर रुग्णालयात बाबांची दर तीन महिन्यांनी तपासणी असते. आजवर अमरावतीहून रात्रीची अंबा एक्स्प्रेस धरायचो. रात्रभर कूस बदलून बदलून बाबा सकाळी थकलेलेच उतरायचे. नागपूरहून विमान धरायचं, तर आधी तीन तास गाडीत. या वेळी पहिल्यांदा बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीच्याच विमानतळावरून गेलो. १६ एप्रिल २०२५ला इथून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून मनात होतं.

विमान एटीआर, पंख्यांचं, सत्तरेक जागांचं. दार मागच्या बाजूला आणि दारालाच जोडलेल्या चार-पाच पायऱ्या. बाबांनी कठडा घट्ट धरला, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवले, दम घेतला आणि चढले. वयस्कर माणूस सोबत असेल तर मागच्या रांगेतल्या जागा घ्या. चालावं कमी लागतं आणि पंख्यांचा आवाजही तिथे कमी. पायऱ्या जमणारच नसतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. डोक्यावरचे कप्पे लहान असतात, मोठी बॅग आत नेऊ नका. रिपोर्टची फाईल आणि औषधं मात्र हातातच ठेवा.

पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. बाबा काच सोडायला तयार नव्हते. ही कपाशी, ती तूर, हा कोणाचा तरी संत्र्याचा बगिचा, असं चाललं होतं. पावणेदोन तासांनी चाकं टेकली तेव्हा म्हणाले, "आली बी का मुंबई?" त्या रात्री दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ते पोटभर जेवले. इतक्या फेऱ्यांत हे पहिल्यांदा घडलं.

भाड्याचं नीट समजून घ्या. हे विमान उडान योजनेतलं, म्हणजे लहान शहरांना परवडणारी विमानसेवा देण्याच्या केंद्राच्या योजनेतलं. या योजनेत साधारण निम्म्या जागांनाच भाड्याची मर्यादा असते, बाकीच्या बाजारभावाने जातात. तपासणीची तारीख मिळाली की त्याच दिवशी तिकीट काढा. स्वस्त जागांमुळे कंपनीला येणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून भरतात, पण तीन वर्षांपुरतीच. मला काळजी आहे ती त्यानंतरची. नांदेडला २७ एप्रिल २०१७ला, योजनेच्या अगदी पहिल्या दिवशी, विमान मिळालं. पुढे ते बंद पडलं आणि नांदेडकरांना कित्येक महिने विमानच नव्हतं. आपल्याकडे तसं होऊ नये. ज्यांना जमतं त्यांनी नागपूरऐवजी बेलोऱ्याहून जावं. आणि हे अनुदान रुग्णांच्या गावांसाठी पुढेही चालू राहावं, असं आपल्या आमदार-खासदारांच्या कानावर प्रत्येकाने घालावं. एसटीच्या तोट्याच्या फेऱ्या गावासाठी चालवाव्या लागतात, तसंच हेही आहे.

विमान रोज नसतं आणि वेळापत्रक बदलतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा बघा. तपासणी उतरल्या दिवशीच ठेवू नका. परतताना ढग खाली आले होते, आम्हाला दीड तास बसून राहावं लागलं. बाबांचा डबा सोबत होता म्हणून निभावलं. पावसाळ्यात जाणार असाल तर रेल्वेचं तिकीटही काढून ठेवा.

बेलोऱ्याला उतरल्यावर बाहेर ऑटो मिळेलच असं नाही. आम्ही जाताना ज्या गाडीने गेलो त्याच ड्रायव्हरला परतीचं सांगून ठेवलं होतं. उशीर झाला तरी तो थांबला होता. बाबांच्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "काकाजी, या बारीला चेहरा बरा दिसते."