आरएक्सची रेस अडकत होती आणि सगळे केबलच बदलत होते

यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलची रेस अडकते म्हटलं की गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं, "केबल बदलू." गाडी नीट बघायच्या आधीच. या एका उत्तरापायी माझा अख्खा उन्हाळा वाया गेला. अजूनही त्याचा राग येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी गाडी १९९६ची, म्हणजे आरएक्स १०० बंद झाली त्या वर्षातली. रस्त्यावर ती फारशी जात नाही. मडगार्ड उंच घेतलंय, मातीत चालणारे टायर टाकलेत, आणि सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरातून निघून आम्ही राधानगरीच्या बाजूला जांभ्याच्या जुन्या खाणींत आणि पाणंदींत फिरवतो. तिथली तांबडी धूळ मैद्यासारखी बारीक असते आणि सगळीकडं शिरते.

त्रास असा होता की चढावर पूर्ण रेस देऊन मूठ सोडली तरी इंजिन खाली येईना. मूठ हातानं उलटी फिरवली तर यायचं, कधी तरीही नाही. टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिननंच गाडी आवरणं, जवळजवळ नसतोच, आणि चढ संपून उतार लागतो तिथं हे झालं की जीव घशाशी येतो. अशा वेळी क्लच दाबा आणि त्याच क्षणी इंजिन बंद करा. नुसता क्लच दाबून विचार करत बसलात तर मोकळं इंजिन वर वर जात राहतं. मी त्याच आठवड्यात हँडलवर अंगठ्याखाली येईल असा किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बसवून घेतला, कारण खडबडीत वाटेवर चावीपर्यंत हात नेता येत नाही.

"रेस अडकते" या तक्रारीत दोन वेगळे आजार असतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय पान्हा हातात घेऊ नये. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळून सोडा. कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होऊन हवेची वाट उघडझाप करणारा तुकडा, खाली आपटल्याचा "टक" असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. तो येतोय आणि तरीही चालू इंजिन उतरत नसेल, तर केबलचा काही संबंध नाही. कुठून तरी जास्तीची हवा आत जातेय. मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणारं, रबर तडकलंय का, मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलंय का, ते बघा. क्षणभर चोक ओढल्यावर इंजिन खाली आलं तर हवेचाच संशय पक्का धरा. माझ्या गाडीत पूर्ण पिळल्यावर "टक" यायचाच नाही, म्हणजे मधे काहीतरी धरून ठेवत होतं.

पहिल्या गॅरेजनं केबल बदलली. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. गाडी परत नेली तर म्हणे, "ही केबल डुप्लिकेट निघाली, दुसरी टाकतो." दुसरी टाकली, पुन्हा थोडे दिवस बरे, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी अर्धा दिवस बाकावर बसायचं आणि पैसे द्यायचे. दुसऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी तर स्लाइडला पॉलिश पेपर मारायला घेतला. मी हात धरला. स्लाइड आणि बॉडी यांच्यात फट वाढली की ती हलते, तिरकी बसते, आणि मग गाडी कधीच एकसारखी चालत नाही. त्यांचा पुढचा सल्ला असा, "दादा, ऑइल पंपच काढून टाका. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, सगळे तेच करतात." हा पंप म्हणजे यामाहाचा ऑटोलूब, तो रेसच्या प्रमाणात इंजिनला ऑइल देतो. चांगला चालणारा पंप मी का काढू? आणि नुसती पंपाची केबल सोडून, टाकीत ऑइल न मिसळता कुणी गाडी पळवली, तर ऑइल कमी पडून इंजिन सीझ, म्हणजे जाम, होऊ शकतं.

शेवटी घरीच पेट्रोलचा कॉक बंद करून टाकी उतरवली. मुठीपासून निघालेली केबल सरळ कार्बोरेटरला जात नाही. टाकीखाली ती एका छोट्या प्लास्टिकच्या नळीसारख्या जोडात शिरते. आत एक सरकता तुकडा असतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला दोन केबली लागतात, एक कार्बोरेटरकडं, दुसरी ऑइल पंपाकडं. दोन्ही गॅरेजनी बदलली ती फक्त वरची.

मग एकेक भाग सुटा केला. कार्बोरेटरचं झाकण काढून स्लाइड केबलवरून सोडवली, ती नुसत्या वजनानं खाली जात होती. वरची केबल एकटी ओढली, मोकळी. पंपाची पुली बोटानं फिरवली, स्प्रिंगनं परत आली. उरला फक्त तो जोड. उघडला तर आत ग्रीस आणि तांबडी धूळ यांचा घट्ट लगदा, आणि सरकत्या तुकड्याची एक कड झिजलेली. पूर्ण ओढलं की तो तिरका होऊन अडायचा. वरची केबल बदलताना ओढाताण होऊन तो तात्पुरता सुटायचा, म्हणून प्रत्येक नवी केबल थोडे दिवस चालायची. हे कळलं त्या क्षणी इतकं मोकळं वाटलं की तसाच टाकीशेजारी बसून राहिलो.

दुकानात नुसती केबल मागू नका, पूर्ण सेट मागा: वरची, खालच्या दोन आणि मधला जोड. बसवताना जोडात ग्रीस भरू नका, धूळ त्यालाच चिकटते. आतलं रॉकेलनं धुऊन कोरडं करा, केबलीत पातळ ऑइलचे थेंब सोडा. मी जोडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन्ही टोकं बांधलीत. पंपाच्या केबलचा ताण मॅन्युअलमधल्या खुणेला जुळवा, नाहीतर ऑइल कमी पडेल. स्लाइड परत घालताना तिची कापलेली बाजू एअर फिल्टरकडं हवी आणि खाच पिनवर बसायला हवी. मघाशी सांगायचं राहिलं, झाकणावर केबल शिरते तिथलं रबर फाटलं असेल तर तेही बदला, धूळ तिथून थेट स्लाइडवर पडते.

सगळं झाल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आवाज वाढला तर केबल कुठं तरी ताणली जातेय, तिची वाट बदला. आणि गाडी गॅरेजला द्यावीच लागली तर टाकी उतरवून मधला जोड उघडेपर्यंत समोर उभे राहा.