तुम्ही विचारलंत म्हणून: रोझवूडच्या जुन्या गिटारीचे किती येतील?

लातूर-परभणीकडून हा प्रश्न हमखास येतो: "घरात जुनी गिटार आहे, रोझवूडची. किती येतील?"

रोझवूड म्हणजे शिसवी, पण सगळी शिसवी एका भावाची नसते. खरा भाव ब्राझीलच्या लाकडाला. मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीनं 1969 मध्ये ते सोडून भारतातली शिसवी घेतली, म्हणून त्यांच्या डी-28 या मॉडेलचं साल आधी शोधायचं. साल सांगणारा सीरियल नंबर गिटारीच्या आत, नेकच्या (तारांखालच्या लांब दांड्याच्या) बुडाशी असलेल्या ठोकळ्यावर उमटवलेला असतो. टॉर्च आणि छोटा आरसा लागेल. ब्राझीलच्या लाकडावर शाईसारख्या काळ्या रेघांचं जाळं दिसतं, आपली शिसवी जांभळट आणि सरळ रेघांची. नुसत्या रंगावर सौदा मात्र करू नका. पाठीवरची रेघ आतूनही त्याच जागी दिसते का ते बघा. नसेल दिसत तर बहुधा प्लायवूड आहे. आणि 1992 पासून ब्राझीलच्या रोझवूडचा परदेशी व्यापार बंद आहे, कागदपत्रांशिवाय अशी गिटार देशाबाहेर धाडता येत नाही.

मग नेक. लांब सरळ पट्टी फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या तारांवर) ठेवून ब्रिजकडं, म्हणजे तारा जिथं खाली अडकवतात त्या लाकडी तुकड्याकडं, सरकवा. ती ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकावी. खाली आपटली तर नेक काढून पुन्हा बसवावी लागणार, तो खर्च किमतीतून वजा धरा.

हात जोडून सांगतो, फर्निचर पॉलिशवाल्याकडं देऊ नका. जुन्या लॅकरवरचे बारीक तडे तसेच राहू द्या. पुन्हा पॉलिश झालं की किंमत साधारण निम्म्यावर येते.

आपल्याकडं खरा घात उन्हाळा करतो. गिटारीला 45 ते 55 टक्के आर्द्रता हवी, आणि एप्रिल-मेच्या दुपारी इथं ती 25 च्याही खाली जाते. वरची फळी जेमतेम 3 मिलिमीटरची. ती रुंदीत आक्रसते, पण खाली आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या लांबीत आक्रसत नाहीत, म्हणून फळी उभी तडकते. त्याआधी इशारा मिळतो: नेकच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं टोचतात. तेव्हा साबणदाणीला भोकं पाडून त्यात ओला, घट्ट पिळलेला स्पंज घाला आणि ती गिटारीसोबत केसमध्ये ठेवून केस बंद करा. कूलरसमोर गिटार कधीच नको, चालू-बंद होताना आर्द्रता झपाट्यानं वरखाली होते.

केसमध्ये आर्द्रतामापक ठेवा, पण आधी तपासून. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मापकासोबत हवाबंद डब्यात 12 तास ठेवा. 75 दाखवायला हवं. 70 दाखवलं, तर रोजच्या आकड्यात 5 मिळवा.